दोन सेंटिमीटरचा पीळ

गुरुवारी सकाळी दुपटी वाळत घालताना तिला ते दिसलं, आणि एकदा दिसल्यावर न बघणं तिच्या हातात राहिलं नाही.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली अंगणात उभी केलेली गाडी पाठमोरी दिसायची. गाडीचं नाक कुंपणाच्या भिंतीकडे. भिंत बिनगिलाव्याची, नुसत्या विटांची. गाडीच्या टपाची कड आणि तिच्या पलीकडची विटांची ओळ, या दोन रेषा समांतर असायला हव्या होत्या. त्या नव्हत्या. टप डावीकडे कलला होता. फार नाही, बोटभर. पण बोटभर कललेली ओळ पकडण्यावरच तर तिची नोकरी होती. बाळंतपणाच्या रजेआधी सहा वर्षं ती एका छापखान्यात शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासत होती. सुटलेला काना, उलटा पडलेला अंक, एक केस खाली उतरलेली ओळ, असं काही असलं की तिच्या डोळ्यांत आधी खुपायचं आणि कळायचं मागाहून.

डावीकडे म्हणजे मागच्या सीटवर जिथे चिंगीची खुर्ची पट्ट्याने बांधली होती, त्याच बाजूला.

चिंगी सात महिन्यांची होती. सोमवारी रजा संपत होती. छापखान्याच्या शेजारीच पाळणाघर होतं, म्हणून चिंगीने आईबरोबर गाडीतून जायचं, गाडीतून यायचं, असं ठरलं होतं. नवऱ्याची कामाची पाळी सकाळी सहाला सुरू व्हायची, तेव्हा गाडी चालवणार ती एकटी. घरापासून नदीवरच्या पुलापर्यंत चार किलोमीटर उतार, आणि उतारात सात वळणं. रजेच्या शेवटच्या महिन्यात ती वळणं तिने इतक्यांदा मनात घेतली होती की प्रत्येकाला स्वतःचा चेहरा आला होता.

"अरे, गाडी डावीकडे बसलीय," ती खाली येऊन म्हणाली.

नवरा चहात बिस्कीट बुडवत होता. त्या गुरुवारी त्याची सुट्टी होती. "बसू दे. दमली असेल."

"मी चेष्टा करत नाहीये."

"मी तरी कुठे करतोय? एकोणीस वर्षांची आहे ती. माणसाच्या जन्माला आली असती तर कॉलेजात गेली असती. गाडीच्या जन्माला आली, आजीबाई झाली."

"उजवी बाजू वर आहे, डावी खाली. तू गॅलरीतून बघ."

त्याने बघितलं. एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून, मग मान वाकडी करून. "मला तर सरळ दिसतेय. आता मान सरळ केली तर तू वाकडी दिसतेयस." मग तिचा चेहरा बघून तो जरा नरमला, पण जे बोलायचं ते बोललाच. "आधी कान, आता गाडी."

झालं. कान निघाले की बोलणंच खुंटायचं. चिंगी दोन महिन्यांची असताना तिला वाटलं होतं, पोरीचा उजवा कान डाव्यापेक्षा मोठा आहे. तिने शिवणाच्या दोऱ्याने दोन्ही कान मोजले. फरक भरला तीन मिलिमीटर. ती दोरे पाकिटात घालून डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या इतक्या हसल्या की चिंगी दचकून रडायला लागली. "अहो, सगळ्यांचेच कान असे असतात. तुमचे मोजा बरं." घरी येऊन तिने स्वतःचे मोजले. दोन मिलिमीटर. तेव्हापासून या घरात ती गॅसचं बटण दुसऱ्यांदा बघायला उठली की कान, पोरीचा श्वास ऐकायला पाळण्यावर वाकली की कान. हसण्यावारी न्यायला एक शब्द पुरतो. तिला स्वतःलाही कधीकधी वाटायचं, की बाळंतपणात आपल्या आतलाच कुठला तरी खिळा ढिला झालाय आणि आता जग तिरकं दिसतंय.

पण विटा तिरक्या नव्हत्या.

तिने शिवणाची टेप काढली आणि चिंगीला काखेत घेऊन अंगणात उतरली. जमिनीपासून मागच्या चाकावरच्या पत्र्याच्या कमानीपर्यंत माप घेतलं. डावीकडे त्रेसष्ट, उजवीकडे सहासष्ट. चिंगीच्या दुधाच्या वेळा ज्या वहीत लिहायची त्याच वहीत लिहिलं, कारण हाताला तीच होती.

"गाडीलाही पाजतेस का?" नवरा दारातून म्हणाला. "आणि अंगणाला उतार आहे, बाई. पाणी मोरीकडे जायला नको?"

ते खरं होतं. ती खजील झाली. मग म्हणाली, "तर गाडी फिरव. तोंड रस्त्याकडे कर."

"आत्ता?"

"आत्ता."

त्याने फिरवली. तिने पुन्हा मोजलं. दोष नुसत्या उताराचा असता, तर आता उजवी बाजू खाली यायला हवी होती. डावीकडे साडेचौसष्ट, उजवीकडे साडेपासष्ट. तिने वहीत वजाबाकी केली. "बघ. एकदा तीनचा फरक, एकदा एकचा. उताराचा एक, गाडीचे दोन."

नवऱ्याने वजाबाकी दोनदा वाचली आणि गाडी पुन्हा भिंतीकडे नाक करून लावली. त्याला हसू सुचलं नाही, एवढंच तिला त्या दिवशी मिळालं.

संध्याकाळी तिने ते बाबांच्या कानावर घातलं. बाबा म्हणजे सासरे. सगळी गल्ली त्यांना फोरमन म्हणायची. बसच्या डेपोत चौतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते, पण हात निवृत्त झाले नव्हते. सासूबाई गेल्यानंतरची तीन वर्षं त्यांनी या जुन्या गाडीच्या पोटाखालीच काढली म्हटलं तरी चालेल. गाडीबद्दल बोलायचं म्हणजे त्यांच्याबद्दल बोलल्यासारखंच होतं, म्हणून ती शब्द तोलून बोलली.

"बाबा, गाडी मागून जराशी डावीकडे वाटते का हो?"

"कुणाला वाटते?"

"मला."

बाबांनी चष्मा कपाळावर ढकलला. रागावले नाहीत. टेप बघून मात्र त्यांच्या मिशा हलल्या. "पोरी, जमिनीपासून कोण मोजतं? टायरात हवा कमीजास्त, फरशीला उतार. चाकाच्या मधोमध बोट ठेव. तिथून वर कमानीपर्यंत मोज. मग हवा, उतार, सगळं कटाप."

त्यांनी स्वतः मोजलं. डावीकडे छत्तीस, उजवीकडे अडतीस. पुन्हा मोजलं. तेच.

"बसलीय," ते म्हणाले. "डावी स्प्रिंग बसलीय. पोरीचं बरोबर आहे."

तिच्या छातीवरचा दगड उतरला आणि त्याच जागी दुसरा, जरा मोठा, येऊन बसला. आपलं चुकत असतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. "मग ती तुटणार का? वळणावर?"

"स्प्रिंग काय काडी आहे का तुटायला? म्हातारं माणूस वाकतं, तशी वाकलीय. रविवारी आत रबराचं कडं सरकवतो. दोन सेंटिमीटर वर येईल. सोमवारी तू ताठ मानेने जा."

तरी तिने विचारलंच, "आणि तो आवाज?"

आवाजाचं असं होतं. गेला महिनाभर, रस्त्यावरच्या गतिरोधकावरून गाडी उतरली की मागून उचकी लागल्यासारखा एक झटका यायचा. मागचं धूड एका बाजूला चिमूटभर सरकल्यासारखं व्हायचं आणि पुन्हा जागेवर यायचं. नवऱ्याला तो जाणवत नव्हता. बाबा म्हणाले, स्प्रिंग बसल्यावर होतंच तसं.

त्याच वेळी कुंपणापलीकडून मास्तर डोकावले. शेजारचे मास्तर, शाळेतून निवृत्त, आवाज अजून वर्गातला. "काय फोरमन, सुनेने तपासणी लावली की काय?"

"या, मास्तर. आमची म्हातारी डावीकडे झुकलीय."

"झुकायचीच. मतदान जवळ आलं असेल!" मास्तर स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसले. त्यांची गाडीही हीच, याच बनावटीची, रंग तेवढा वेगळा. दोन महिन्यांपूर्वी बाबांनीच ती खालून ठाकठीक करून दिली होती.

नवऱ्याच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, तो टेप घेऊन कुंपण ओलांडून गेला आणि मास्तरांच्या गाडीला मोजून आला. येताना त्याचा चेहरा परीक्षेत पहिला आल्यासारखा होता. "डावीकडे छत्तीसला जराशी वर. उजवीकडे अडतीसला जराशी कमी. बघितलंस? त्यांचीही तशीच! म्हणजे या गाड्या जन्मतःच अशा. तुझ्या कानांसारख्या."

"पेट्रोलची टाकी डावीकडे आहे ना," बाबा मान हलवत म्हणाले. "त्या वजनाने डाव्या स्प्रिंगा आधी बसतात. बरोबर आहे."

"म्हणजे माझीही झुकलीय?" मास्तरांनी विचारलं.

"मास्तर, तुम्ही काळजी करू नका. हिचं झालं की तुमच्यातही कडं घालू."

"मंगळवारी लेकीकडे निघालोय आम्ही दोघं. डोंगर ओलांडायचाय. तुमच्या हातचं काम आहे म्हणून तर निर्धास्त आहे."

सगळ्यांचं समाधान झालं. दोन गाड्या, दोन्ही सारख्या, कारण समजलं, उपाय ठरला. तिचंही व्हायला हवं होतं. रात्री चिंगीला थोपटताना तिने मनाला बजावलं, झालं गेलं, आता पुरे. शुक्रवारचा दिवस तिने कपड्यांच्या घड्यांत आणि पाळणाघराच्या पिशवीत घालवला. दुपट्यांवर चिंगीची खूण शिवली. बाटल्या उकळल्या. दहा वेळा गॅलरीत गेली, दहाही वेळा टपाकडे बघायचं नाही असं ठरवून गेली, आणि दहाही वेळा बघून आली.

काहीतरी डाचत होतं. काय, ते हाती लागत नव्हतं.

शनिवारी दुपारी चिंगी झोपल्यावर ती गाडीत जाऊन बसली. खुर्चीचा पट्टा नीट कुठून ओवायचा ते एकदा वाचून घ्यावं म्हणून तिने पुढच्या कप्प्यातली पुस्तिका काढली. ही गाडी आधी ज्यांची होती ते गृहस्थ नीटनेटके असावेत. वापराच्या पुस्तिकेमागे त्यांनी दुरुस्तीची एक जाड पुस्तिकाही जपून ठेवली होती, कोपऱ्यांना डाग पडलेली. पट्ट्याचं पान शोधता शोधता दुसऱ्याच पानावर तिची नजर अडखळली.

गाडीची नुसती बाह्यरेषा. मागच्या चाकाच्या मध्यातून कमानीपर्यंत एक बाण. बाणाजवळ आकडा. छत्तीस सेंटिमीटर.

ती आकड्याकडे बघत बसली. छत्तीस.

छापखान्यात नवीन माणसाला ती एक गोष्ट शिकवायची. दोन पानं शेजारी ठेवली आणि ओळी जुळल्या नाहीत, तर बघणाऱ्याचा डोळा खाली उतरलेल्या ओळीवर जातो. पण पुष्कळदा ती ओळ जागेवरच असते. दुसरीच वर चढलेली असते. म्हणून दोन पानं एकमेकांशी ताडायची नाहीत, दोन्ही मूळ प्रतीशी ताडायची. गुरुवारपासून चार शहाणी माणसं डावीला उजवीशी ताडत होती. मूळ प्रत कोणी उघडलीच नव्हती.

डावी बाजू खाली गेली नव्हतीच. उजवी वर राहिली होती.

आणि उजवीकडे काय झालं होतं? दीड महिन्यापूर्वी बाबांनी उजवीकडचं बुश बदललं होतं. मागचं चाक धरून ठेवणारा लोखंडी हात गाडीच्या तळाला जिथे जोडलेला असतो, तिथे रबराचं एक जाड कडं असतं, त्याला बुश म्हणतात. या गाड्यांचं उजवं बुशच आधी जातं, धुराची नळी त्या अंगाने जाते आणि उष्णतेने रबर सुकतं, असं बाबांनीच जेवताना सांगितलं होतं. तिने पानं उलटली. बुशाचं पान. आकृती, बोल्ट, क्रमांक. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, एक टीप.

तळटिपा कोणी वाचत नाही. तिचं आयुष्य तळटिपा वाचण्यात गेलं होतं. टिपेचा अर्थ एवढाच होता, की हा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी जॅकवर असताना नाही, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना, सगळा भार अंगावर घेऊन.

तिला ते शिवणाच्या भाषेत उमगलं. हात वर धरून बाही अंगावरच टाचली, तर हात खाली आणल्यावर बाही काखेत ओढ घेते. गाडी जॅकवर असताना चाक खाली लोंबतं. तसंच बुश आवळलं, तर गाडी जमिनीवर आल्यावर रबराला पीळ बसतो, आणि ते बिचारं रात्रंदिवस गाडीला वर ढकलत राहतं. दोन सेंटिमीटर. गतिरोधकावरची उचकी त्याच पिळाची.

मग मास्तरांची गाडी? तिने मान वर करून कुंपणापलीकडे बघितलं. दोन्ही प्रतींत एकाच जागी एकच चूक सापडली, तर ती भाषेची रीत नसते. दोन्ही प्रती एकाच हाताने जुळवलेल्या असतात.

शुक्रवारभर डाचत होतं ते हे.

गाडीत दोष असणं परवडलं. बाबांच्या हातात दोष आहे असं त्यांना सांगायचं, आणि सांगायचं ते दोऱ्याने कान मोजणाऱ्या सुनेने! न सांगावं तर रविवारी ते डावीकडे कडं घालणार. मग दोन्ही बाजू अडतीस. टप विटांना समांतर, सगळे खूश, आणि रबराचा पीळ तसाच, चिंगी त्याच गाडीत बसलेली, खाली सात वळणं. पुढच्या वेळी तर गॅलरीतून दिसायचंही नाही.

तिने संध्याकाळी नवऱ्याला सांगून बघितलं. तो पुस्तिकेवर बोट ठेवून दोनदा वाचून म्हणाला, "तुझं बरोबर असेल गं. पण बाबांना हे तू सांग. मी सांगितलं तर मला घराबाहेर काढतील."

"आणि मी सांगितलं तर?"

"तुला नाही काढणार. चिंगी तुझ्याकडे असते."

रविवारी सकाळी बाबा जुनं पोतं अंथरून तयारीत होते. डाव्या चाकाशी जॅक, शेजारी रबराचं काळं कडं, पाने आकारानुसार मांडलेले. जॅकचा दांडा त्यांनी हातात घेतला तेव्हा ती पुस्तिका छातीशी धरून उभी होती. नवरा चिंगीला घेऊन पायरीवर, म्हणजे अंगणात असून नसल्यासारखा.

"बाबा, डावीकडे रबर घालू नका."

दांडा थांबला. "का गं?"

"डावी बाजू बरोबर आहे. उजवी वर आहे."

तिने पान पुढे केलं. बाबांनी चष्मा लावला, आकडा वाचला, चष्मा काढला. "पुस्तकातली गाडी नवी असते, सूनबाई."

सूनबाई म्हणाले म्हणजे बिनसलं. तरी ती म्हणाली, "हो बाबा, म्हणूनच. जुनी झाल्यावर गाडी खाली बसेल. वर कशी जाईल?"

बाबांनी पुन्हा चष्मा लावला. पायरीवरून नवरा उगाच म्हणाला, "पण मास्तरांचीही तशीच आहे ना?"

"मास्तरांचं उजवं बुश कोणी बदललं?"

हे तिला असं बोलायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. पायरीवर चिंगी मूठ चोखत होती.

"मी बदललं," बाबा म्हणाले. "चौतीस वर्षं बदलतोय. तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून. बसची बदललीत, ट्रकची बदललीत. एक परत आलं नाही."

तिचे डोळे भरून आले. इथेच थांबावं, माफी मागावी, पुस्तिका कप्प्यात ठेवून द्यावी असं तिला वाटलं. पण समोर खुर्ची दिसत होती, गाडीच्या काचेतून, डावीकडे, रिकामी. तिने वेगळंच विचारलं. कुठून सुचलं, तिचं तिलाच कळलं नाही.

"बाबा, डेपोत बसची बुशं कसली असायची?"

"पितळेची. आणखी कसली?" बाबांचा आवाज अजून चढलेलाच होता. "एवढी जाड. ग्रीस भरायचं, पिन ठोकायची, आवळून मोकळं व्हायचं. हवेत आवळा, जमिनीवर आवळा, आडवी पाडून आवळा. पितळेला काय, आत पिन फिरतेच. पितळ काही पीळ धर..."

वाक्य तिथेच तुटलं.

बाबा गाडीकडे बघत राहिले. मग जॅकचा दांडा हळूच पोत्यावर ठेवला, एखादं झोपलेलं मूल ठेवावं तसा.

"रबर धरतं," ते म्हणाले. स्वतःशीच. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "रबर धरतं की."

बाबांनी मिशीवरून हात फिरवला, आणि तो हात खाली आणल्यावर त्याच्याकडे बघितलं, दोन्ही बाजूंनी, जणू आजच हाती आला.

"फळ्या आण," ते मुलाला म्हणाले. "जाड दोन. आणि पोरीला हिच्याकडे दे."

मागची दोन्ही चाकं फळ्यांवर चढवली, म्हणजे भार चाकांवरच राहिला आणि बाबांना खाली शिरायला जागा झाली. तिने पुढच्या चाकांना पुढून-मागून विटा लावल्या. एकदा हलवून बघितल्या. नवऱ्याने हँडब्रेक ओढला. तिने विटा पुन्हा हलवून बघितल्या. मग चिंगीला घेऊन चार पावलं मागे गेली, आणि पुन्हा दोन पावलं पुढे आली.

"विटा ठीक आहेत का?" गाडीखालून आवाज आला.

"ठीक आहेत, बाबा. पण थांबा हं, एकदा बघते."

"बघ, बघ. मी काय पळून चाललोय?"

त्यात तिखटपणा नव्हता. तिने तिसऱ्यांदा बघितलं.

पाना बोल्टवर बसल्याचा आवाज आला. बाबांचा एक हुंकार. मग टक्क. आणि तिच्या डोळ्यांसमोर उजव्या चाकावरची कमान खाली आली. सावकाश, पण स्पष्ट. किती तरी दिवस श्वास रोखून उभी राहिलेली बाई अखेर खांदे सोडते, तशी गाडी बसली. नवरा वाकून बघायला लागला. "अरेच्चा!" एवढंच म्हणाला.

"दाब मागून," बाबांनी खालून सांगितलं. त्याने गाडीची मागची बाजू चार वेळा खालीवर दाबली. बाबांनी बोल्ट आवळला. या वेळी भार चाकांवर होता.

ते बाहेर आले. कपाळाला काळं लागलं होतं. तिच्याकडे न बघता त्यांनी हात पुढे केला आणि चिंगीकडे नाही, पुस्तिकेकडे नाही, टेपकडे बोट दाखवलं. "मोज."

तिने चाकाच्या मधोमध बोट ठेवलं. डावीकडे छत्तीस. उजवीकडे छत्तीस आणि वर दोन मिलिमीटर. तिने पुन्हा टेप लावली.

"दोन मिलिमीटर चालतील का?" बाबांनी विचारलं. खरंच विचारलं, थट्टेत नाही. चौतीस वर्षांच्या फोरमनने.

"चिंगीच्या कानांत तीन आहेत," ती म्हणाली.

नवरा फिस्सकन हसला. बाबांच्या मिशाही हलल्या, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. ते पोत्यावर बसून हात पुसत राहिले, एकेक बोट, पुसून झालेलं बोट पुन्हा. त्यांची नजर कुंपणापलीकडे होती.

"असंच राहिलं असतं तर रबर फाटलं असतं," ते म्हणाले. "आज नाही, उद्या नाही. सहा महिने, वर्ष. उतारावर, वळणावर, कुठेही. मागचं चाक मागच्या मागे सरकलं असतं." मग विचारलं, "मास्तर कधी निघणार म्हणाले?"

"मंगळवारी."

"मंगळवारी ना? नक्की? आज रविवारच आहे ना?" ते उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. "आणि त्याआधी कुणाचं बदललं होतं मी? डेअरीवाल्याची गाडी वेगळी. तिच्यात रबराचं बुश नाही. नाही, नाहीच. की आहे?"

तो सूर तिच्या ओळखीचा होता. इतके दिवस तो फक्त तिच्या डोक्यात वाजायचा. आज पहिल्यांदा तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला बरंही वाटलं आणि अतिशय वाईटही.

"आहे की नाही ते जाऊन बघू, बाबा," ती म्हणाली. "आधी मास्तरांकडे."

"टेप घे. वही पण घे. आणि विटा." फाटकाशी ते थांबले. "त्यांना मी सांगेन. माझं चुकलं म्हणून मीच सांगेन. तू नुसतं माप घे."

मास्तर दारातच होते. "काय फोरमन, कडं घालायला आलात?"

"नाही, मास्तर. काढायला आलोय," बाबा म्हणाले. "माझा पीळ."

मास्तरांना काही कळलं नाही. समोर फोरमन, हातात पाने. मागे सून, टेप आणि वही घेऊन. तिच्या मागे फोरमनचा मुलगा, काखेत बाळ, दुसऱ्या हातात वीट. "तपासणी पथकच आलंय," ते म्हणाले आणि गाडीची किल्ली आणायला आत गेले.

सोमवारी सकाळी तिने चिंगीला खुर्चीत बसवून पट्टा ओवला. ओढून बघितला. उतरून पुन्हा ओढून बघितला. चिंगीने तिचं बोट धरलं ते सोडवून घ्यावं लागलं. गाडी सुरू करून तिने आरशात मागे बघितलं आणि तेव्हा वर गॅलरीत बाबा दिसले. दुपट्यांच्या मधोमध उभे, कठड्यावर वाकलेले, एक डोळा मिटून. ते तिला बघत नव्हते, चिंगीलाही नाही. ते टप बघत होते आणि टपापलीकडच्या विटा.

ती थांबली. इंजिन चालू ठेवून थांबली.

बाबांनी डोळा बदलला. पुन्हा बघितलं. मग हात वर करून पंजा आडवा धरला, आणि तो जराही हलू दिला नाही.

तिने गाडी मागे घेतली आणि गल्लीबाहेर काढली. कोपऱ्यावरच्या गतिरोधकापाशी तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. पुढची चाकं उतरली. मागची चढली. तिने खांदे आक्रसून घेतले, उचकीची वाट बघत.

मागची चाकं उतरली. चिंगी म्हणाली, "ब्बू."

दुसरं काहीच झालं नाही. सातातलं पहिलं वळण समोर आलं.